लपवलेल्या अंतराचा हिशेब : व्हीएक्सलॅन यास अनावृत पत्र

चि. व्हीएक्सलॅन यास,


पत्रास कारण की, तुला कुणी पत्र लिहीत नाही. ज्यांचं रोजचं काम तुझ्यावाचून अडेल, त्यांना तू आहेस हेच ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते तुझं नाव घेतात ते रात्री दोनला, कुठलं तरी ॲप्लिकेशन लटकल्यावर, आणि तेव्हा ते नाव चांगल्या अर्थाने घेतलं जात नाही. मी या दुसऱ्या गटातला. स्विच-राउटरच्या संगतीत केस पांढरे झाले. तू माझ्यासमोर जन्माला आलास, म्हणून 'चिरंजीव' म्हणण्याचा हक्क घेतो. थोडं कौतुक, बरीचशी कानउघाडणी असा मजकूर आहे. आणि पत्र अनावृत ठेवलंय ते लेकी बोले सुने लागे, या हिशेबाने. सुना कोण, ते शेवटी सांगतो.

तुझा पहिला मसुदा २०११च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला. व्हीएमवेअर, सिस्को, अरिस्टा, ब्रॉडकॉम अशी मंडळी बारशाला एकत्र जमली होती. त्यातली काही एरवी एकमेकांची स्पर्धक. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१४मध्ये, इंटरनेटच्या दस्तऐवजांत आरएफसी ७३४८ म्हणून तुझी रीतसर नोंद झाली. तीही 'मानक' म्हणून नाही, 'माहितीसाठी' या सदरात. तोवर डेटा सेंटरवाल्यांनी तुला कामाला जुंपलंही होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये तू २०१२च्या अखेरीसच शिरला होतास, तुझ्या हक्काच्या पोर्ट क्रमांकाची नोंद होण्याआधी. त्यामुळे अधिकृत पोर्ट ४७८९ असला, तरी लिनक्स आपल्या मर्जीने सोडलं तर अजून ८४७२ वापरतं. फायरवॉलवर ४७८९ उघडून 'आता का चालत नाही?' म्हणत डोकं धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

तुझी गरज का पडली, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. एका स्विचवर वेगवेगळ्या खात्यांची नेटवर्कं अलग ठेवायची तर व्हीलॅन वापरायचा. प्रत्येक फ्रेमवर १२ बिटांचा एक क्रमांक. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखीव, हाती उरतात ४०९४. एका कंपनीला किंवा कॉलेजला हे उदंड झालं : लेखा विभाग १०, कारखाना २०, पाहुण्यांचं वायफाय ९९, आटोपला संसार. पण एकाच छपराखाली हजारो भाडेकरू ठेवायला निघालेल्या क्लाउडवाल्यांची यात कुठं डाळ शिजणार? प्रत्येकाला चार-चार नेटवर्कं द्यायची म्हटलं, तर हजार भाडेकरूंतच आकडे संपले.

दुसरं दुखणं याहून मोठं होतं. व्हर्च्युअल मशीन चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून न्यायची विद्या व्हीएमवेअरने २००३मध्ये आणली. मशीन हललं तरी त्याचा आयपी पत्ता बदलून चालत नाही, कारण चालू जोडण्या त्या पत्त्याला धरून असतात. आणि आयपी पत्ता तर नेटवर्कमधल्या जागेला बांधलेला. मग मशीन जिथं म्हणून जाऊ शकेल, तिथवर एकच सपाट लेयर टू, म्हणजे राउटरविना स्विचचं सलग जाळं, पसरत न्यायचा. तो पसरला की फ्रेम गोल-गोल फिरू नये म्हणून स्पॅनिंग ट्री आलं, आणि स्पॅनिंग ट्री म्हणजे पर्यायी वाटा मुद्दाम बंद. चांगले पैसे मोजून ओढलेली फायबर, तिचे दिवे हिरवे, आणि कमांड दिली की समोर शब्द येतो : ब्लॉकिंग. भरीला प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा मॅक ॲड्रेस रॅकवरच्या स्विचने लक्षात ठेवायचा. एका सर्व्हरवर एक मशीन होतं तोवर ठीक. चाळीस झाल्यावर स्विचची टेबलं भरून वाहायला लागली.

यावर तुझा तोडगा साधा होता, आणि मला तो आजही आवडतो. तळाचं जाळं निव्वळ आयपीचं ठेवायचं. तिथं राउटिंग चालतं, सगळ्या वाटा चालू राहतात, कुणी ब्लॉक होत नाही. भाडेकरूची मूळ फ्रेम, तिच्या मॅक ॲड्रेससकट, जशी आहे तशी उचलायची, तिच्यावर नवा आयपी पत्ता चढवायचा आणि पाठवून द्यायची. पूर्वी पोस्टाबाहेर बसणारा माणूस पार्सल पांढऱ्या कापडात शिवून द्यायचा आणि कापडावर ठळक अक्षरांत पत्ता लिहायचा. आतल्या खोक्यावर काय लिहिलंय याच्याशी पोस्टाला कर्तव्य नसायचं. तेच काम तू एका सेकंदात लाखो वेळा करतोस. शिवणारा आणि उसवणारा, दोघांचं तुझ्या भाषेतलं नाव व्हीटेप.

हे वायरशार्कमध्ये उघडून बघताना मला अजून मौज वाटते. सर्वांत बाहेर इथरनेटचं हेडर, १४ बाइट. मग आयपीचे २०, यूडीपीचे ८. त्यानंतर तू, तुझेही आठच. भाडेकरूच्या नेटवर्कचा क्रमांक ५००१ असेल तर तुझे आठ बाइट असे दिसतात :

०८ ०० ०० ०० ०० १३ ८९ ००

पहिल्या ०८मधला एक बिट एवढंच सांगतो की पुढचा क्रमांक ग्राह्य धरा. त्यामागचे तीन बाइट रिकामे. मग तीन बाइटांत षोडशमान ००१३८९, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ५००१. शेवटचा बाइट पुन्हा रिकामा. आठातले चार बाइट नुसते राखीव. तुझा सगळा जमाखर्च एवढाच. पण त्या २४ बिटांनी ४०९४ची मर्यादा उठवून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ नेटवर्कांची सोय केली. दोन भाडेकरूंनी एकच १०.०.०.५ हा पत्ता वापरला, तरी एक ५००१मध्ये, दुसरा ५००२मध्ये. दोघं एकाच सर्व्हरवर राहतील, एकाच केबलमधून जातील, आणि जन्मभर एकमेकांच्या दृष्टीस पडणार नाहीत.

तुझा धोरणीपणा मात्र त्या आठ बाइटांत नाही, यूडीपी निवडण्यात आहे. तुझ्याआधी घराण्यात असं गुंडाळून नेणारे टनेल नव्हते असं थोडंच आहे? जीआरई १९९४चा. आयपीत आयपी कोंबायची रीत १९९६मध्ये आरएफसी २००३ने घालून दिली. मायक्रोसॉफ्टने जीआरईलाच २४ बिटांचा क्रमांक जोडून एनव्हीजीआरई उभा केला, तो तर अगदी तुझ्या वयाचा. पण तळातल्या स्विचला चार समान वाटांतून एक निवडायची असली की तो आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक बघून ठरवतो. जीआरईला पोर्टच नसतात. त्या वेळच्या बहुतेक स्विचना दोन व्हीटेपमधली सगळी वाहतूक एकसारखीच दिसायची, आणि ती एकाच वाटेवर रेटली जायची. तू आतल्या पॅकेटचा हॅश काढून तो यूडीपीच्या सोर्स पोर्टमध्ये ठेवलास. तळाच्या स्विचला तुझं नावही माहीत नसताना तो आपोआप वाहतूक सगळ्या वाटांवर विभागू लागला. नवं हार्डवेअर घ्यायला न लावता जुन्याकडून काम करून घेतलंस. तुझ्या यशाचं मोठं श्रेय मी याला देतो.

सुरुवातीचे तुझे गुण मात्र उनाड होते. कुठलं मशीन कुठल्या व्हीटेपमागे आहे हे तुला ठाऊक नसायचं. मग मल्टिकास्टमधून सगळ्यांना आरोळी द्यायची, आणि उत्तर आलं की लक्षात ठेवायचं. तळाच्या जाळ्यात मल्टिकास्ट सांभाळणं म्हणजे काय ताप असतो, ते सांभाळणाऱ्यालाच विचार. ईव्हीपीएनने तुला वळण लावलं. २०१५मध्ये ते मानक झालं, आणि २०१८च्या आरएफसी ८३६५ने ते तुझ्यासारख्यांना कसं लागू करायचं हे ठरवलं. आता त्याच्या वतीने बीजीपी हा राउटिंगचा प्रोटोकॉल आधीच सांगून ठेवतो की अमुक मॅक तमुक व्हीटेपमागे आहे. आरोळ्या पुष्कळ कमी झाल्या. तुझा धाकटा भाऊ जेनीव्हही २०२०मध्ये रीतसर आला, आरएफसी ८९२६. तुझ्या ठरीव आठ बाइटांऐवजी त्याच्याकडे हवी ती माहिती जोडायला जागा आहे. नव्या घरांत त्याला मागणी आहे, पण म्हणून तुझं चंबूगबाळं एवढ्यात आवरलं जाईल असं दिसत नाही.

आज तुझं गोत्र कुठवर पसरलंय, ते बघ. कोथरूडच्या घरात बसून एक मुलगी हिंजवडीतल्या कंपनीचं काम करते. तिच्या घरचं ब्रॉडबँड पीपीपीओईवर असेल तर पहिल्याच पायरीला ८ बाइट गेले, १५००चे राहिले १४९२. वर कंपनीचा व्हीपीएन. तो वायरगार्ड असेल तर आणखी ६०. तिचं पॅकेट मुंबईतल्या क्लाउडमध्ये पोचलं की क्लाउडवाला आपल्या वेष्टनात ते गुंडाळतो. कुणी तुला वापरतो, कुणी घरची पद्धत. तिथल्या व्हर्च्युअल मशीनवर कुबरनेटिस, आणि त्यातल्या दोन पॉडमध्ये बोलणं व्हायचं तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा तूच. ॲमेझॉनने मुंबईत २०१६मध्ये क्लाउडचं दुकान थाटलं, मायक्रोसॉफ्टने त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात. तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांचं नेटवर्क दुसऱ्याच्या नेटवर्कच्या पोटात राहतं. ती मुलगी पडद्यावरचं बटण दाबते, आणि खाली चार थर उसवले-शिवले जातात.

तुझा एक वडीलधारा चुलतभाऊ तर प्रत्येकाच्या खिशात आहे. जीटीपी, जीपीआरएसच्या जमान्यातला. डेक्कन क्वीनमध्ये बसून कुणी व्हिडिओ बघत असेल, तर त्याची पॅकेटं टॉवरपासून कंपनीच्या गेटवेपर्यंत यूडीपीच्या २१५२ पोर्टवरून जीटीपीच्या टनेलमधून जातात. शिवाजीनगर, लोणावळा, कर्जत असे टॉवर बदलत जातात. दर खेपेला टनेलचं एक टोक नव्या टॉवरकडे वळवलं जातं, फोनचा आयपी पत्ता तोच राहतो. घाटात सिग्नल गेला तर गोष्ट वेगळी. पण सिग्नल आहे तोवर व्हिडिओला कळतही नाही की आपण एक आख्खा घाट उतरलो. व्हर्च्युअल मशीन हलवताना तू करतोस ते हेच.

म्हणजे तुम्हा सगळ्यांचं काम एकच : जागा लपवणं. इथवर तुझं कौतुक. आता मुद्द्याचं बोलतो. लपवलेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती खालीच असते, आणि तिचं देणं कुणाला तरी चुकवावंच लागतं.

पहिलं देणं बाइटांचं. तुझं ओझं ५० बाइट. भरलेल्या १५०० बाइटांच्या पॅकेटवर ते सुमारे सव्वातीन टक्के; चालून जातं. पण पोच देणाऱ्या इवल्याशा ६४ बाइटांच्या फ्रेमवरही तेवढंच. चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार. तरीही पैशाने हे भागतं, मोठी केबल टाकता येते. न भागणारा त्रास वेगळाच आहे, आणि तो एका ग्राहकाकडे फार जवळून पाहायला मिळाला.

नवं क्लस्टर, काही रॅकमध्ये विभागलेलं. पिंग जात होतं. लॉगिन होत होतं. छोट्या फोल्डरची यादी मागितली तर यायची. मोठ्या फोल्डरची मागितली की पडदा गोठायचा, कर्सर लुकलुकत राहायचा. मॉनिटरिंगचे दिवे सगळे हिरवे, कारण त्यांची विचारपूसही चार शब्दांची. ॲप्लिकेशनवाले म्हणाले, नेटवर्क. नेटवर्कवाल्यांनी पिंग दाखवलं आणि म्हणाले, ॲप्लिकेशन. दोन्ही बाजू आपापल्या पुराव्यानिशी खऱ्या होत्या. मग तुकडे करू नका असं बजावून वेगवेगळ्या मापांचं पिंग सोडलं. आतला मजकूर १४७२ बाइटांचा असला की पॅकेट गडप. १४२२ असला की जातं. १४२३ला पुन्हा गडप. १४२२मध्ये पिंगचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की होतात १४५०. त्यात तुझे ५० घातले की बरोब्बर १५००. आकडाच बोलला. तळातले बाकी सगळे पोर्ट मोठ्या फ्रेमसाठी वाढवलेले होते, वाटेवरचा एक जुन्या १५००वरच राहिला होता. छोटी पॅकेटं त्यातून सुखाने जात होती, आणि मोठ्यांचा काटा तिथंच काढला जात होता.

अशा वेळी इंटरनेटची रीत काय आहे? १९९०च्या आरएफसी ११९१पासून ती ठरलेली आहे. पॅकेट मोठं पडलं तर मधल्या राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपी निरोप द्यायचा की 'मावत नाही, लहान करून पाठव'. पण तुझ्या राज्यात बाहेरच्या वेष्टनावर पाठवणारा म्हणून व्हीटेपचं नाव असतं. निरोप आलाच तर तो शिवणाऱ्याकडे येतो. ज्याने माल पाठवला त्या बिचाऱ्या मशीनच्या कानावर तो जाईलच याची शाश्वती नाही. त्यातून कुणी फायरवॉलवर 'आयसीएमपी म्हणजे धोका' असं समजून सगळंच बंद केलेलं असलं की प्रश्नच मिटला. तुझ्या आरएफसीत तर साफ लिहिलंय : व्हीटेपने तुकडे करायचे नाहीत, आणि वाटेत कुणी केलेच तर पलीकडच्या व्हीटेपने ते मुकाट्याने टाकून दिले तरी चालतील. मुकाट्याने! तुझ्या स्वभावातली मला सर्वांत न आवडणारी गोष्ट ती हीच. चुकलं तर चुकलं, पण बोलायला काय झालं?

दुसरं देणं दृष्टीचं. भाडेकरू आपल्या मशीनवरून शेजारच्या मशीनपर्यंतचा मार्ग शोधतो, तर त्याला दिसतं की शेजारी अगदी दाराला दार लावून आहे. प्रत्यक्षात मध्ये रॅकवरचा लीफ स्विच, मधला स्पाइन स्विच, पुन्हा लीफ, कधी दोन इमारती. त्यातला एखादा ट्रान्सीव्हर बिघडून शंभरात एक पॅकेट खात असला, तरी वरून तो दिसत नाही. त्यात तुझी वाहतूक विभागण्याची हुशारी; चार वाटांपैकी एकच वाट आजारी असते, म्हणून काही जोडण्या रखडतात आणि बाकीच्या ठणठणीत. खालच्याला यूडीपीचा लोंढा दिसतो, त्यातलं कुणाचं काय ते कळत नाही. वरच्याला खालची जमीन दिसत नाही. पूर्वी एका माणसाच्या डोक्यात असलेलं नेटवर्क आता दोन टीममध्ये, बहुधा दोन कंपन्यांमध्ये वाटलं गेलंय, आणि मधल्या भिंतीला तुझं नाव आहे.

तिसरं देणं अंतराचं, आणि इथं तुझा दुरुपयोग होतो. आपल्याकडच्या बँकांचं मुख्य डेटा सेंटर मुंबईत असेल, तर आपत्तीसाठीचं दुसरं हैदराबाद किंवा चेन्नईसारख्या लांबच्या शहरात ठेवतात. मुंबई बुडाली तरी ते तरावं, हा हेतू. मग कुणीतरी बैठकीत म्हणतं, तिकडे गेल्यावर सगळ्या सर्व्हरचे आयपी पत्ते कशाला बदलायचे? व्हीएक्सलॅन टाकू, दोन्हीकडे एकच लेयर टू करू. फळ्यावर एक रेघ ओढली की काम झालं. पण फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि मुंबई-चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त आहे. जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद, केबल वळसे घेत जाते ते धरून अधिकच. प्रत्येक व्यवहाराला पलीकडची पोच मागणारा डेटाबेस ते दर वेळी मोजतो. मशीन चेन्नईला गेलं आणि त्याचा गेटवे मुंबईतच राहिला, तर चेन्नईतल्या शेजारच्या रॅकमधल्या दुसऱ्या नेटवर्कशी बोलायलाही पॅकेट मुंबईची वारी करून येतं. ईव्हीपीएनने दोन्हीकडे गेटवे ठेवून हा वळसा पुष्कळ टाळता येतो, कबूल. पण ब्रॉडकास्टचं वादळ मुंबईत उठलं की तुझ्याच पाठीवर बसून ते चेन्नईत पोचतं. मधला दुवा तुटला की दोन्हीकडचे सर्व्हर स्वतःला खरा मालक समजू लागतात. जे घर वेगळं राहावं म्हणून बांधलं, त्याची भिंत तुझ्या नावाने पाडली जाते.

चौथं देणं विश्वासाचं. टनेल म्हटलं की लोकांना वाटतं, आत सुरक्षित. तू तर काहीच झाकत नाहीस. तुझं वेष्टन पारदर्शक आहे. मध्ये ज्याचा हात पोचेल त्याला आतलं सगळं वाचता येतं. इतकंच कशाला, पलीकडचा खरंच व्हीटेप आहे का, हे विचारायची सोयही तुझ्या आठ बाइटांत नाही. तळाच्या जाळ्यात शिरकाव असलेला कुणीही नेटवर्क क्रमांक लिहून फ्रेम आत ढकलू शकतो. तुझ्या आरएफसीत हे मान्य केलंय, आणि कुलूप हवं तर आयपीसेकसारखं वेगळं लावा असं सुचवलंही आहे. वाचतो कोण? बेल्जियममधल्या केयू लूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी इंटरनेटभर चाचपणी केली, आणि जानेवारी २०२५मध्ये ती जाहीर झाली : ४० लाखांहून जास्त यंत्रं कुणाचंही टनेलचं पॅकेट, पाठवणाऱ्याची ओळख न विचारता, उसवून पुढं धाडत होती. त्यात आयपीआयपी, जीआरई ही तुझ्या घरातली जुनी माणसं होती. विश्वासू शेजाऱ्यांच्या काळात जन्मलेली, आज चव्हाट्यावर उघडी बसलेली.

हे सगळं वाचून तू म्हणशील, म्हाताऱ्याला केबल ओढायचे दिवस परत हवेत. मुळीच नाही. फर्निचर सरकवलं म्हणून सोळा स्विचवर व्हीलॅन बदलत बसायचे दिवस मी भोगलेत, ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. इंटरनेट स्वतः तरी काय आहे? १९७४च्या आपल्या निबंधात सर्फ आणि काहन यांनी हेच मांडलं की गेटवेने पॅकेट त्या-त्या नेटवर्कच्या वेष्टनात घालून पुढं द्यायचं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट जनतेला दिलं, ते टेलिफोनच्या तारेवर बसून आलं. दुसऱ्याच्या पाठीवर बसून येणं या विद्येच्या रक्तातच आहे. तू ते स्वस्त केलंस, सोपं केलंस. एका तरुण कंपनीला रॅक, स्विच, तार यांतलं काहीही विकत न घेता सकाळी नेटवर्क उभं करून संध्याकाळी मोडता येतं, ते तुझ्यासारख्यांमुळे. हे उपकार मी नाकारत नाही.

म्हणून तुझ्यावर खटला नाही. तू आठ बाइटांचा प्रामाणिक नोकर आहेस. सांगितलं तेवढं करतोस, आणि काय करत नाहीस ते तुझ्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. दोष त्यांचा, जे तू लपवलेलं अंतर खरोखरच मिटलं असं धरून आराखडे करतात. लेकीला बोलून झालं, आता सुनांकडे वळतो.

तर क्लाउड आणि डेटा सेंटर उभारणाऱ्या मित्रमैत्रिणींनो : वरचं जाळं विणण्याआधी तळाच्या प्रत्येक पोर्टचं एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या कमाल मापाची मर्यादा, वाढवा, आणि वाढलंय की नाही हे मोठ्या मापाच्या पिंगने स्वतः तपासा, कॉन्फिगरेशनच्या फाइलवर विसंबू नका. फायरवॉलवर 'मावत नाही' सांगणारा आयसीएमपी निरोप जाऊ द्या. वरच्या नकाशाशेजारी तळाचा नकाशा टांगा, आणि दोन्ही टीमना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवा. गुप्तता हवी असेल तर आयपीसेक किंवा वायरगार्डचं कुलूप वेगळं लावा. वेष्टनाला कुलूप समजू नका. आणि दुसऱ्या शहरातलं आपत्ती केंद्र खरोखर दुसरं राहू द्या. तिथं पत्ते बदलायचे असतील तर डीएनएसने बदला, त्याचा सराव करा, लेयर टू ओढत नेऊ नका. यातलं एकही काम नवं उपकरण विकत घेऊन होत नाही, म्हणूनच ते राहून जातं. ते पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सर्वांत वर घ्या.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना नेटवर्कवाला